केमोआधी स्त्रीबीजे गोठवण्याचा निर्णय : पुण्यातील माहिती आणि अनुभव हवे आहेत

मुक्ता_कोथरूड

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला, वय २८, डाव्या स्तनाचा कर्करोग असल्याचे गेल्या आठवड्यात बायोप्सीत निश्चित झाले. रिपोर्टमध्ये ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनांवर वाढणारा), हर-टू (पेशींवरचे एक प्रथिन) निगेटिव्ह असे आहे. काखेतल्या एका गाठीतही रोग आढळल्यामुळे डॉक्टरांनी आधी केमो आणि नंतर शस्त्रक्रिया असा क्रम ठरवला आहे. ती अविवाहित आहे. ओपीडीतून उठता उठता डॉक्टर एवढेच म्हणाले की बीजे गोठवायची असतील तर आत्ताच ठरवा, केमो सुरू झाल्यावर ते जमणार नाही. आणि तेवढ्यात पुढच्या पेशंटचे नाव पुकारले गेले.

आई म्हणते, आधी पोरीचा जीव वाचू दे, मुलांचे पुढचे पुढे. बाबांना खर्चाची फिकीर नाही, पण उपचार लांबण्याची धास्ती आहे. बहीण मात्र विचारले की "तुम्ही काय ते ठरवा" म्हणते आणि खोलीत निघून जाते, आणि मला तेच सर्वांत जास्त खटकते आहे. यासाठी नेमका किती वेळ लागतो, हॉर्मोन पॉझिटिव्ह कर्करोगात हॉर्मोनची इंजेक्शने घेणे सुरक्षित असते का, आणि ज्यांनी हा निर्णय घेतला किंवा जाणीवपूर्वक टाळला त्यांना आज काय वाटते, हे जाणून घ्यायचे आहे.

लॅबमधली_प्राजक्ता

मुक्ता, मी पुण्यातल्या एका आयव्हीएफ प्रयोगशाळेत भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे बहिणीच्या बाबतीतला सल्ला तिच्या ऑन्कॉलॉजिस्टकडूनच घ्या. मात्र प्रक्रिया कशी चालते ते सांगू शकते.

पूर्वी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वाट पाहून इंजेक्शने सुरू करत, त्यामुळे कधीकधी महिना जात असे. आता कर्करोगाच्या पेशंटमध्ये पाळीच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. पोटावर घ्यायची इंजेक्शने साधारण १० ते १४ दिवस चालतात आणि अधूनमधून सोनोग्राफी व रक्ततपासणी होते. बीजे पक्व झाली की शेवटचे एक इंजेक्शन देऊन सुमारे ३६ तासांनी, थोड्या वेळाच्या भुलीखाली, सुईने ती काढली जातात. पेशंट त्याच दिवशी घरी जाते. केमोपूर्वी पेट स्कॅन, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली ठेवायचे उपकरण) बसवणे ही कामे व्हायचीच असतात. ती आणि ही इंजेक्शने एकाच वेळी चालू ठेवली, तर केमोची तारीख फारशी हलत नाही. माझ्या पाहण्यात वेळ जातो तो इंजेक्शनांत नव्हे, तर पेशंट आमच्यापर्यंत पोहोचण्यात. रिपोर्ट आल्यापासून घरात चर्चा, मग एखादा नातेवाईक डॉक्टर, मग दुसरे मत, आणि केमोच्या आदल्या दिवशी आमच्याकडे फोन! तुम्ही गोठवायचे की नाही हे ठरवायच्या आधीच भेटीची वेळ घ्या. भेट घेतल्याने कोणी बांधील होत नाही.

हॉर्मोनबद्दल : इंजेक्शनांमुळे रक्तातले इस्ट्रोजेन एरवीच्या कितीतरी पटींनी वाढते, ही भीती खरी आहे. म्हणून हॉर्मोन पॉझिटिव्ह पेशंटला सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या दिल्या जातात, त्यामुळे इस्ट्रोजेनची पातळी नेहमीच्या पाळीत असते त्याच्या आसपास राहते. आजवरच्या अभ्यासांत अशा रीतीने बीजे गोठवलेल्या स्त्रियांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसलेले नाही. अंडाशयांना जास्त सूज येण्याचा, थोड्या रक्तस्रावाचा आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. कर्करोगात मुळातच गुठळीचा संभव जास्त असल्याने तेवढे मात्र आवर्जून विचारा.

आणखी एक. गोठवलेले बीज म्हणजे बाळ नव्हे, हे आम्ही प्रत्येकीला सांगतो. काढलेल्या बीजांपैकी पक्व तेवढीच गोठवली जातात, पुढे वितळवताना काही जातात, काहींचे फलन होत नाही, फलन झालेल्यांतही सगळे भ्रूण टिकत नाहीत. वय, एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या बीजकोषांची संख्या यांवरून डॉक्टर साधारण अंदाज देतील. हमी कोणी देत असेल तर तिथून उठून या.

कुमुदिनी_आजी

मुक्ता, तुझ्या आईची बाजू मांडते, कारण अशा चर्चेत ती कोणी मांडत नाही. माझ्या पुतणीच्या आजारपणात मीही हेच म्हटले होते. ज्या घरात मुलीच्या छातीत गाठ निघाली आहे, त्या घराला दहा-बारा वर्षांनंतरच्या नातवंडांचा विचार करायला लावणे मला क्रूर वाटते. शिवाय अविवाहित मुलीची ती आतून करायची सोनोग्राफी आणि सुई, याबद्दल कोणी उघड बोलत नाही; आयांच्या मनात मात्र ते असतेच.

लॅबमधली_प्राजक्ता

आजी, तुम्ही हे स्पष्ट लिहिलेत हे बरे झाले. सोनोग्राफी पोटावरूनही करता येते, फक्त चित्र थोडे कमी स्पष्ट येते. बीजे काढताना मात्र सुई बहुतेक वेळा योनिमार्गातूनच जाते. त्या वेळी मुलगी भुलीखाली असते. आमच्याकडे येणाऱ्या आया हा प्रश्न दबक्या आवाजात, मुलगी बाहेर गेल्यावर विचारतात. मी त्यांना सांगते की तो मुलीसमोर विचारा, कारण शरीर तिचे आहे आणि उत्तर ऐकायचा पहिला हक्क तिचा आहे. हे कोणाला मान्यच नसेल, तर दुर्बिणीतून अंडाशयाचा तुकडा काढून गोठवण्याचा वेगळा मार्ग आहे. त्याला इंजेक्शने लागत नाहीत आणि तो काही दिवसांत उरकतो; पण त्यासाठी भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागते आणि ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे.

निशिगंध

मला ३० व्या वर्षी याच प्रकारचा, हॉर्मोन पॉझिटिव्ह, स्तनाचा कर्करोग झाला. बीजे गोठवली होती. त्याविषयी प्राजक्ता यांनी लिहिलेच आहे, म्हणून त्यापुढच्या भागाबद्दल लिहिते, कारण तो मला कोणीच आधी सांगितला नव्हता.

केमोने जे व्हायचे ते होतेच. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे अंडाशयातल्या बीजांचा साठा कमी करतात. पण तुमच्या बहिणीच्या बाबतीत खरा काळ जातो तो नंतरच्या, हॉर्मोनला रोखणाऱ्या गोळ्यांत. टॅमॉक्सिफेन ५ वर्षे, कित्येकदा १० वर्षे घ्यावी लागते आणि ती चालू असताना गर्भ राहणे धोक्याचे असते. म्हणजे केमोने साठ्यावर घाव घातला नाही, तरी २८ ची मुलगी ३४ ची होते. २०२३ साली 'पॉझिटिव्ह' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ४२ वर्षांपर्यंतच्या पाचशेहून अधिक स्त्रियांनी १८ ते ३० महिने गोळ्या घेऊन, मग जास्तीत जास्त दोन वर्षे त्या थांबवून गर्भधारणेचा प्रयत्न केला. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण त्यांच्यात ८.९ टक्के होते आणि तुलनेसाठी घेतलेल्या गटात ९.२ टक्के. हा दिलासा मोठा आहे, पण या जातीचा कर्करोग दहा-पंधरा वर्षांनीही उलटतो, त्यामुळे माझे डॉक्टर या आकड्यांवर जपूनच बोलतात. मीही तसेच करते.

दोन गोष्टी बहिणीला आत्ताच सांगा. केमोनंतर पाळी परत आली म्हणजे साठा शाबूत आहे असे नाही. आणि पाळी गेली म्हणजे गर्भ राहूच शकत नाही असेही नाही, म्हणून उपचार चालू असताना संततिनियमन लागतेच. हॉर्मोन पॉझिटिव्ह असल्याने गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. तांबी किंवा निरोध एवढेच पर्याय राहतात. अविवाहित मुलीशी हे बोलायला डॉक्टरही कचरतात, आणि मग ते कोणीच बोलत नाही.

सासवडकर

माझ्या पत्नीच्या वेळच्या अनुभवावरून व्यवहाराचे थोडे लिहितो. पुण्यात चौकशी केली तेव्हा औषधे, भूल आणि लॅब धरून दीड ते अडीच लाखांच्या दरम्यानचे आकडे आम्हाला सांगण्यात आले. फरक मुख्यतः इंजेक्शनांच्या मात्रेमुळे पडतो. साठवणुकीचे भाडे दरवर्षी वेगळे भरावे लागते. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत 'वंध्यत्व' हे सर्वसाधारण वगळलेल्या बाबींत असते, त्यामुळे केमोचा दावा मंजूर झाला तरी हा खर्च बहुधा खिशातूनच जातो. कर्करोगाच्या पेशंटला सवलत आहे का, हे विचारायला लाजू नका; काही ठिकाणी असते आणि न विचारता कोणी सांगत नाही. दुसऱ्या मतासाठी परळला टाटामध्ये जाणार असाल, तर जाण्याआधी एएमएच करून घ्या. तेवढाच वेळ वाचतो.

रानजाई

मी न गोठवण्याचा निर्णय घेतला होता. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह), वाढणारी गाठ, वय ३१. डॉक्टरांनी दोन आठवडे देऊ केले होते, त्यामुळे वेळ नव्हता हे कारण मी सांगू शकत नाही. मला मूल नको आहे हे मला आजाराच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. नवऱ्यालाही ठाऊक होते. तरीही त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला वाटत होते की मी घाबरून असे बोलते आहे. "गोठवून तर ठेव, वापरायची सक्ती थोडीच आहे," हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले की अखेर मला ते वाक्यच सक्तीसारखे वाटू लागले.

मी केमोच्या एक आठवडा आधी झोलाडेक्सचे इंजेक्शन सुरू केले आणि केमोभर दर चार आठवड्यांनी ते घेतले. ते अंडाशयांना विश्रांती देते, असे डॉक्टरांनी समजावले. 'पोएम्स' नावाच्या चाचणीत, जी हॉर्मोन निगेटिव्ह स्तनकर्करोगाच्या स्त्रियांवर झाली, दोन वर्षांनी अंडाशय निकामी झाल्याचे प्रमाण हे इंजेक्शन घेतलेल्यांत ८ टक्के आणि न घेतलेल्यांत २२ टक्के आढळले होते. मी ते मुलासाठी घेतले नव्हते. पस्तिशीच्या आत पाळी कायमची गेली तर हाडे, हृदय आणि झोप यांचे काय होते, हे वाचल्यावर घेतले. मूल नको असलेल्या मुलीनेही हा प्रश्न विचारायला हवा, तो याच कारणासाठी. मात्र बीजे गोठवण्याला हे इंजेक्शन पर्याय मानू नये, असे सगळेच डॉक्टर सांगतात.

तुमच्या बहिणीच्या गप्प राहण्याचा अर्थ मी लावणार नाही. कदाचित तिला हवे आहे आणि घरच्यांवर खर्च लादायचा नाही. कदाचित नको आहे आणि आईला दुखवायचे नाही. तिला समुपदेशकाकडे एकटीला पाठवा. तुम्हीही बाहेर बसा.

अबोली_७

विवाहित मैत्रिणींसाठी लिहिते. माझे तेव्हा लग्नाला वर्षही झाले नव्हते. सासरी सगळ्यांचे म्हणणे होते की भ्रूण गोठवा, त्याचा भरवसा जास्त. क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी मला एकटीला बसवून विचारले, की भ्रूण दोघांच्या मालकीचा असतो, पुढे काही झाले तर दोघांची संमती लागते, हे तुम्हाला चालेल का. मी काही बीजांचे भ्रूण करून घेतले आणि काही बीजे तशीच ठेवली. पुढे आमचे पटले नाही आणि आम्ही वेगळे झालो. भ्रूण आता कागदोपत्री आहेत, पण ते मला एकटीला वापरता येत नाहीत. बीजे माझी आहेत. आता गोठवण्याचे तंत्र इतके सुधारले आहे की नुसती बीजे गोठवणे हा कमअस्सल पर्याय राहिलेला नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच त्याच्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला.

कलम_कागद

कायद्याबाबत मोजकेच लिहितो, कारण मी वकील असलो तरी प्रत्येक प्रकरण वेगळे असते. सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायदा २०२१ चा आहे आणि तो जानेवारी २०२२ पासून लागू आहे. २१ वर्षांवरील आणि ५० वर्षांखालील स्त्रीला या सेवा घेता येतात आणि त्यासाठी ती विवाहित असण्याची अट नाही. क्लिनिक नोंदणीकृत आहे का ते पाहा. भ्रूण आणि दात्याची बीजे १० वर्षांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाहीत. स्वतःच्या बीजांना ही मुदत कशी लावतात, हे क्लिनिककडून लेखी घ्या. विशीतल्या मुलीच्या दृष्टीने हा तपशील साधा नाही.

सरोगसीचा कायदा वेगळा आहे, आणि लोक इथेच गफलत करतात. एकट्या स्त्रीपैकी फक्त विधवा किंवा घटस्फोटित, तीही ३५ ते ४५ वयाची, सरोगसी घेऊ शकते. अविवाहित स्त्री घेऊ शकत नाही. म्हणून ओटीपोटाला रेडिएशन मिळणार असेल किंवा गर्भाशय काढावे लागणार असेल, तर बीजे गोठवण्याआधी हा विचार करावा. बीजे असतील, पण गर्भ वाढवायला जागा नसेल, असे होऊ शकते.

लॅबमधली_प्राजक्ता

रेडिएशनचा मुद्दा निघाला म्हणून भर घालते. अंडाशये फार नाजूक असतात. सुमारे २ ग्रे (रेडिएशन मोजण्याचे एकक) एवढ्या मात्रेतच निम्मी बीजे जाऊ शकतात. म्हणून काही वेळा रेडिएशनपूर्वी दुर्बिणीतून अंडाशये वर, किरणांच्या टप्प्याबाहेर बांधून ठेवतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर फक्त मुख काढून गर्भाशय वाचवण्याची शस्त्रक्रियाही निवडक पेशंटमध्ये होते. मुक्ताच्या बहिणीला यातले काही लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांना उपयोगी पडेल.

मुक्ता_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण दरम्यान बरेच काही घडले.

रानजाई यांचे लिहिणे मी बहिणीला वाचायला दिले. मी स्वतः काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ऑफिसच्या डायरीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून काढले होते, आणि त्यातला पहिला प्रश्न वाचून मी चक्रावले : "मी गेले तर माझी बीजे आई-बाबा कोणाला देऊ शकतील का?" आमच्या नात्यात एक प्रकार घडून गेला आहे, त्याची आठवण तिला होती. वेळ, खर्च, हॉर्मोन यांतले काहीच तिला अडवत नव्हते. तिला अडवत होती ती ही शंका, आणि ती आम्हा कोणाच्याही यादीत नव्हती.

समुपदेशकाकडे ती एकटीच गेली. संमतिपत्रात मृत्यूनंतर बीजांचे काय करायचे, हा रकाना असतोच. तिने त्यात ती नष्ट करावीत असे लिहिले आणि सही केली. आईला हे नंतर कळले तेव्हा आई चिडली, रडली आणि मग स्वतःच इंजेक्शनांचा डबा फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यातून काढून वरच्या कप्प्यात ठेवू लागली, कारण खाली कोणीतरी कोथिंबिरीची ओली जुडी त्यावर ठेवली होती. लेट्रोझोल सोबत होतेच. पोर्ट आणि इको त्याच काळात उरकले आणि केमो डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या जवळपासच सुरू झाला. किती बीजे मिळाली तो आकडा इथे लिहीत नाही. बहिणीची तशी इच्छा आहे, आणि त्या आकड्यावरून कोणी आपल्या मुलीची तुलना करू नये असे मलाही वाटते.

कुमुदिनीआजी, आई तुमचे लिहिणे दोनदा वाचून गेली. "निदान एक तरी माझ्या बाजूची आहे," असे म्हणाली.

कुमुदिनी_आजी

तिला माझा नमस्कार सांग. बाजू मांडली म्हणजे मी मोकळी झाले असे नाही. मुलीने स्वतः सही केली हे वाचून मला बरे वाटले.

सह्याद्रीची_लेक

उशिरा लिहिते आहे. माझ्या भाचीला, वय २२, तीव्र ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) निघाला आहे आणि उपचार दोनच दिवसांत सुरू झाले. बीजांबद्दल विचारायलाही कोणाला सवड मिळाली नाही. आता दार बंद झाले असे समजायचे का?

लॅबमधली_प्राजक्ता

बंद झाले असे समजू नका. तीव्र ल्युकेमियात उपचार थांबवता येत नाहीत, प्लेटलेट्स इतक्या कमी असतात की सुईने रक्तस्राव होऊ शकतो आणि संसर्गाचाही धोका असतो, त्यामुळे सुरुवातीला बीजे काढणे बहुधा शक्यच नसते. सुरुवातीचे केमो अनेकदा अंडाशयांना पूर्णपणे संपवत नाही. खरा धोका पुढे असतो. रोग आटोक्यात आल्यावर बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचे ठरले, तर त्याआधी दिली जाणारी मोठ्या मात्रेची औषधे किंवा सर्वांगाचे रेडिएशन अंडाशयांना बहुतेक वेळा निकामी करते. रोग आटोक्यात आल्यानंतर आणि ट्रान्सप्लांटच्या आधी काही आठवड्यांची फट मिळू शकते आणि रक्ताचे आकडे सावरले असतील तर त्या वेळी बीजे काढण्याचा विचार होतो. केमोनंतर लगेच काढलेल्या बीजांच्या दर्जाबद्दल डॉक्टरांशी नीट बोला, कारण त्याबाबत ते सावध असतात. अंडाशयाचा तुकडा गोठवण्याबद्दल कोणी सुचवले, तर त्यात रोगाच्या पेशी असू शकतात का हे आधी विचारा. अशा गोठवलेल्या तुकड्यातून पहिले बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मले, पण ती पेशंट हॉजकिन लिम्फोमाची (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाची) होती. ल्युकेमियात तुकडा परत बसवताना रोगही परत जाण्याची भीती असते.

तर ट्रान्सप्लांटचा विषय निघण्याची वाट न पाहता भाचीच्या हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) आत्ताच सांगून ठेवा, आणि फाईलवर तसे लिहून घ्या. आत्ता एएमएच केले तर ते खूप खाली दिसेल. केमो चालू असताना ते तसे दिसतेच. त्या एका आकड्यावर कोणी निर्णय घेऊ नये, असे माझे मत आहे.